रात्री रडली नाही माहीत

बालकल्याण कार्यालयाने चिमीला ताब्यात घेतलं तेव्हा ती आठ महिन्यांची होती. ज्या खोलीत तो निर्णय झाला, तिथे मी हजर होते. नुसती हजर नव्हते, आमच्या बाजूने बोलणारी मी एकटीच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे स्वतःला पाठीशी घालायचा मोह होणार नाही.

चिमी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. धाकटी जन्मापासून बहिरी. तिचा नवराही बहिरा, तो सुतार आहे. धाकटी छापखान्यात बांधणी खात्यात काम करते. छापून आलेले फर्मे दुमडायचे, जुळवायचे, दोऱ्याने शिवायचे. मी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. लहानपणापासून आम्हा दोघींची एक घरगुती खुणांची भाषा होती. जेव, झोप, दार लाव, आई चिडलीये, एवढीच. पुढे ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत गेली आणि तिथली खरी, भरभक्कम भाषा शिकली. ती आणि सुतार एकमेकांशी बोलायला लागले की मला फक्त हात उडताना दिसायचे. पण दुकानात, दवाखान्यात, बँकेत तिच्या वतीने बोलणारी मीच. लोक म्हणायचे, "काय गुणाची बहीण मिळालीय!" मलाही तसंच वाटायचं.

एका शुक्रवारी सकाळी चिमीला उलट्या-जुलाब सुरू झाले. दोघांनी तिला उचलली आणि तासाभरात सरकारी इस्पितळात नेली. मी कामावर होते, मला कळायला दुपार झाली. तिथल्या नर्सने काय विचारलं ते दोघांना समजेना, म्हणून तिने कागद-पेन पुढे केलं. धाकटीने लिहिलं: "बाळ संध्याकाळ दूध पिणे. रात्री रडली नाही माहीत. सकाळ उलटी चार."

ती असंच लिहिते. शब्दांच्या शेपट्या माणूस कानांनी शिकतो. त्या तिच्या वाट्याला कधी आल्याच नाहीत. तिला म्हणायचं होतं, 'रात्री रडली नाही, हे मला माहीत आहे.' डॉक्टरांनी वाचलं, 'रात्री रडली, नाही माहीत.' बाळाच्या अंगातलं पाणी फार कमी झालं होतं. त्यांनी दोन आणि दोन चार केले. बाळ रात्रभर रडत राहिलं आणि बहिऱ्या आईबापांना पत्ताच नाही. तसा अहवाल बालकल्याण कार्यालयाला गेला.

तीन दिवसांत चिमी सावरली, दूध मागायला लागली. चौथ्या दिवशी सुनावणीचा कागद आला. सुतार हसला होता. त्याने कानाकडे बोट केलं आणि दोन्ही हात झटकले. म्हणजे, आमची सुनावणी? आम्ही काय ऐकणार?

खोलीत लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या अध्यक्षबाई. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"मोठी बहीण."

"खुणा येतात ना? मग झालं. दुभाषी मागवायचा तर दीड-दोन महिने जातात. तुम्हीच सांगा त्यांना."

मी मान डोलावली. मला अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू? मग त्या बोलायला लागल्या. हलगर्जीपणा, जोखीम, बालकाचं हित, तात्पुरता ताबा. यातल्या एकाही शब्दाची खूण मला येत नव्हती. मी धाकटीला खुणावलं, 'बाळ आजारी, ही बाई विचारते.' ती माझ्याकडे बघत राहिली, पुढचं येईल म्हणून.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "बाळ रात्री रडलं तर यांना ऐकू येतं का?"

मी धाकटीकडे वळलेसुद्धा नाही. मीच म्हणाले, "नाही हो, ऐकू कसं येणार?"

त्यांनी ते लिहून घेतलं. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. धाकटीने मला दंडाला धरून विचारलं, काय झालं? माझ्याकडे खूण नव्हती आणि छातीही नव्हती. मी सांगितलं, 'बाळ दवाखान्यात. थांब.' ती विश्वासाने माझ्यामागून वॉर्डात आली. खाटेवरची चादर बदललेली होती. तशा चादरी मी रोज शेकड्यांनी इस्त्री करते. चिमी नव्हती. तिला आम्ही पोचण्याआधीच सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे नेलं होतं.

धाकटीने आधी खाटेखाली पाहिलं. मग माझ्याकडे. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वॉर्डातली सगळी बाळं रडायला लागली.

आठवड्यातून एक तास भेट, तीही कार्यालयाच्या एका खोलीत, देखरेख करणाऱ्या बाईंसमोर. पहिल्या भेटीत धाकटीने चिमीला मांडीवर घेतलं आणि हातांनी तिच्याशी बोलायला लागली. चिमी एकटक बघत होती. पहिल्यापासून ती तशीच बघायची, आईच्या हातांवरून नजर हलायची नाही.

देखरेखवाल्या बाई मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, हातवारे नकोत. बाळ बिथरतं. बाळाला आवाज लागतो. तोंडाने बोला म्हणावं."

"तोंडाने कसं बोलेल ती?"

"मग नुसतं मांडीवर घेऊन बसा."

हे मात्र मला खुणेने सांगता आलं. मी धाकटीचे दोन्ही हात धरून खाली दाबले. तिने माझ्याकडे पाहिलं. तो उरलेला तास ती हात मांडीखाली घेऊन बसली. चिमी हात शोधत होती.

चौथ्या भेटीला चिमी आईकडे रांगत आलीच नाही. सुतार उठला आणि त्याने टेबलावर मूठ आपटली. बहिऱ्यांमध्ये समोरच्याचं लक्ष वेधायचं तर टेबलावर थाप मारतात. त्याची थाप मोठी पडली हे खरं. रखवालदार धावत आला, त्याला बाहेर काढलं, आणि फायलीत नोंद झाली: वडिलांची वृत्ती हिंसक. आता भेट पंधरवड्यातून एकदा.

तोपर्यंत आम्ही काय करत होतो? हात जोडत होतो. मी सुट्टी काढून कार्यालयात जायचे, कुणाकुणाला साहेब, बाई म्हणायचे. कुणी म्हणायचं फाईल वर आहे, कुणी म्हणायचं खाली आली. ताकास तूर लागू देत नव्हते. घरी धाकटी जेवत नव्हती, छापखान्यात सुई बोटात टोचून घेत होती. तिच्या दुधाने कपडे भिजायचे आणि ती तशीच बसून राहायची. मग एके दिवशी तेही थांबलं.

शेवटी सुतारानेच वाट काढली. तो धाकटीला घेऊन त्यांच्या जुन्या शाळेतल्या मास्तरीणबाईंकडे गेला. बाई आता निवृत्त, सत्तरीच्या, ऐकणाऱ्या, पण हातांनी आणि तोंडाने सारख्याच फटकळ. मीही मागोमाग गेले. धाकटीने त्यांना सगळं सांगितलं. दीड तास सांगत होती. मी कोपऱ्यात बसून बघत होते, मला दहातलं एक कळत होतं. मग बाई माझ्याकडे वळल्या.

"किती दिवस झाले निर्णयाला?"

"एकोणचाळीस."

"अपिलाची मुदत साठ आहे, ठाऊक आहे?"

मला अपील करता येतं हेच ठाऊक नव्हतं.

"निर्णयाची नक्कल घेतली? सुनावणीचं टिपण? एखादा तरी अर्ज लेखी दिलाय?"

"भेटून सांगत होते सगळ्यांना..."

"तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, बाई. कागद द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, तारखेसकट. आणि रडगाणं नाही लिहायचं. कुठला हक्क मोडला, कधी मोडला, काय करून हवं, एवढंच. दुभाषी देणं ही त्यांची मेहरबानी नाही. ज्याला काही समजलंच नाही, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं असं कुणाला म्हणता येत नाही. आणि आईला लेकराशी तिच्या भाषेत बोलू न देणं, हे तर मी आजवर पाहिलं नव्हतं."

त्या बोलत असतानाच हात चालवत होत्या, दोघांना कळावं म्हणून. धाकटीने मध्येच काहीतरी विचारलं. बाईंनी हात खाली घेतले. मग मला म्हणाल्या, "ती म्हणतेय, त्या खोलीत तू तिच्या वतीने काय बोललीस?"

मी सांगितलं. बाईंनी ते हातांनी सांगितलं. धाकटीने ते सगळं बघून घेतलं. मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि तळहात आडवा फिरवला. ही खूण मला लहानपणापासून येत होती. 'तू नको.'

पहिला अर्ज बाईंनी कार्यालयालाच लिहिला. दुभाषी देऊन पुन्हा ऐका आणि भेटीत खुणांवरची बंदी उठवा. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. 'बालकाच्या आईचे म्हणणे त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या साहाय्याने ऐकून घेण्यात आलेले आहे. सबब विनंती अमान्य.'

बाईंनी चष्मा काढला. "हा तुझ्या नावाचा खिळा आहे. तो तुलाच उपटावा लागेल. शपथेवर लिहून दे, की तुला ती भाषा येत नाही, तू प्रश्न पोचवला नाहीस, उत्तर स्वतःच्या मनाने दिलंस."

"म्हणजे मी खोटं बोलले असं?"

"खरं बोललीस, पण तिचं नाही बोललीस."

मी म्हणाले, विचार करून सांगते. आणि इथेच माझी खरी गोष्ट आहे. मी आठ दिवस विचार केला. धुलाईघरातल्या मुकादमाच्या कानावर कुठून गेलं कोण जाणे, तो म्हणाला, "सरकारी खात्याविरुद्ध शपथपत्र करतेस? तुझं कंत्राट दरवर्षी कोण वाढवतं, विसरलीस?" मी घाबरले. घरी जाऊन स्वतःला समजवायचे की अध्यक्षबाई तशाही त्यांच्या मनासारखंच करणार होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? मी दोनदा धाकटीकडे गेले. दोन्ही वेळा मी समोर बसले आणि तिने डोळे मिटून घेतले. ऐकणाऱ्याने दार लावलं तर बाहेरून हाक तरी मारता येते. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की संपलंच.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सुतार मला आतल्या खोलीत घेऊन गेला. मी त्या खोलीत कितीदा गेले असेन, पण नीट पाहिलं नव्हतं. चिमीची खाट त्याने स्वतः केली होती. खाटेच्या कडेपासून आईच्या पलंगापर्यंत एक पातळ फळी, दोन्हीकडे घट्ट ठोकलेली. त्याने मला पलंगावर आडवं व्हायला लावलं, माझा गाल फळीच्या टोकावर ठेवला आणि खाटेत हलकेच बोट आपटलं. माझे दात झणझणले. बाळाने नुसती लाथ मारली तरी जागं व्हावं लागेल अशी ती रचना होती. मी डोकं वर केलं तर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे हलत होते.

मी दुसऱ्या दिवशी शपथपत्र केलं. छप्पन्नावा दिवस.

अपील तयार व्हायला दोन दिवस लागले. अठ्ठावन्नाव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, धाकटी आणि, शपथपत्र माझं म्हणून बाईंनी सोबत धाडलेली मी, अपील कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या होतो. आतला कारकून म्हणाला, "ठेवून जा. शिक्का सोमवारी मिळेल, साहेब रजेवर आहेत."

"सोमवारी एकसष्टावा दिवस होतो हो."

"मग आधी यायचं होतं." त्याने खिडकीची फळी ओढायला घेतली.

धाकटीला यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं, पण शिक्का टेबलावरच पडला होता आणि तो तिला दिसत होता. तिने हात आत घालून फळीच्या वाटेत ठेवला. फळी तिच्या मनगटावर आली. तिने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने कागदावर लिहून त्याच्यासमोर धरलं, 'आज ५८. सोमवार ६१. शिक्का.' मागे रांग तापली. "ओ बाई, हटा!", "आमची कामं नाहीत का?" लोक ओरडत होते. ओरडणाऱ्यांचा तिला काय फरक पडणार? मला मात्र पडत होता. माझी मान खाली जात होती. मी तिला मागे ओढावं असं एक क्षण वाटलं, सवयीने. मी माझे हात पाठीमागे बांधून घेतले.

अर्धा तास गेला. मनगट लाल, मग निळसर झालं. रांगेतलाच एक म्हातारा पुढे येऊन कारकुनाला म्हणाला, "मार रे बाबा तो शिक्का, तुझ्या घरचा आहे का?" त्याने मारला. तारीख पुसट उठली होती. धाकटीने बोट ठेवून दाखवलं. त्याने पुन्हा मारला.

पुढचे चार महिने सांगण्यासारखं काही नाही. तारीख पडायची, पुढे जायची. एकदा दुभाषी आला नाही म्हणून, एकदा फाईल आली नाही म्हणून. चिमी चालायला लागली ते आम्हाला देखरेखवाल्या बाईंच्या वहीतून कळलं. भेटीला ती आता सांभाळणाऱ्या बाईंच्या पदराआडून बघायची. धाकटीचे केस गेले. माझं कंत्राट वाढलं नाही, सध्या मी एका लॉजच्या चादरी-रुमालांवर आहे.

शेवटी अपील अधिकाऱ्यांसमोर आम्ही बसलो. साध्या काळ्या सदऱ्यातली एक तरुण दुभाषी धाकटीसमोर उभी राहिली. अधिकारी मला म्हणाले, "तुम्ही मागे बसा. गरज लागली तर बोलावू." गरज लागली नाही.

धाकटीचे हात चालू झाले आणि ती मुलगी बोलायला लागली. "मी बांधणी खात्यात दहा वर्षं काम करते. एक फर्मा उलटा शिवला तर अख्खं पुस्तक वेडंवाकडं होतं. माझ्या एका ओळीत तुम्ही स्वल्पविराम चुकीच्या जागी घातलात आणि माझं मूल नेलंत." खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. ती पुढे म्हणाली, "मला ऐकू येतं का, असं विचारलं गेलं. मला विचारलं नाहीच. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की ऐकू येत नाही म्हणूनच मी जास्त जागी असते. ऐकणाऱ्या आया भरवशावर झोपतात."

अधिकाऱ्यांनी अपिलात लिहिलेल्या चिमीच्या खाटेच्या फळीबद्दल विचारलं. घर बघायला कुणी गेलं होतं का, असं कार्यालयाच्या माणसाला विचारलं. तो फाईल चाळत राहिला. कुणीच गेलं नव्हतं.

मी मागे बसून ऐकत होते. माझी बहीण चिडकी आहे, नेमकं बोलते, खोचक विनोद करते, हे मला त्या परक्या मुलीच्या तोंडून बत्तीस वर्षांनी कळत होतं. आजवर तिच्या वतीने मी जे बोलत आले, ते कुणा भलत्याच गरीब, गोड बाईचं बोलणं होतं. तशी बाई नव्हतीच कुठे.

शेवटी अधिकाऱ्यांनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

धाकटीचे हात पुन्हा उठले. दुभाषी मुलीचा आवाज बारीक झाला. "भेटीत माझे हात धरले. माझ्या मुलीला वाटलं असेल, आई बोलायची थांबली."

तीन आठवड्यांनी निकाल आला. आईला समजेल अशा भाषेत ऐकून न घेता निर्णय दिला, सबब तो रद्द. मूल परत द्यावं. सहा महिने कार्यालयाने देखरेख ठेवावी, दुभाषीसह. भेटीतल्या बंदीबद्दल कार्यालयाने महिनाभरात खुलासा करावा. खुलासा अजून आलेला नाही. मास्तरीणबाईंनी दोन स्मरणपत्रं धाडली आहेत, दोन्हींवर पोच आहे.

चिमी परत आली तेव्हा सव्वा वर्षाची होती. तिला सोडायला सांभाळणाऱ्या बाई स्वतः आल्या. भल्या होत्या बिचाऱ्या. त्यांचेही डोळे सुजले होते. त्या जिन्याकडे वळल्या तशी चिमीने जो टाहो फोडला तो चार घरं पलीकडे गेला असेल. ती दाराला धडका देत होती. सुतार खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला. धाकटी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि हात हलवायला लागली. चिमीने डोळे घट्ट मिटून घेतले. घाबरलेलं मूल करतं तसं. धाकटीचे हात हवेत तसेच राहिले.

याला आता सात आठवडे झाले. चिमीला चार शब्द बोलता येतात. ती ते बोलते, आई वळत नाही, मग ती रडते. रडली की दोघंही धावतात, पण तोवर तिचा राग झालेला असतो. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

मध्यंतरी धाकटीने मास्तरीणबाईंकडून मला निरोप दिला. आठवड्यातून तीनदा ये. माझ्यासाठी बोलायला नको, चिमीशी बोलायला ये. तिच्या कानावर शब्द पडायला हवेत. आणि येतेस तर शनिवारी बाईंकडे बसून माझी भाषाही शीक. मी शिकते आहे. चाळिशीला आलेले हात, बोटं वळत नाहीत. बाई खेकसतात.

काल गेले तेव्हा धाकटी चिमीला कुस्करलेलं गाजर भरवत होती. चिमीने पहिला घास थुंकला. दुसरा आईच्या बाहीला पुसला. मी नव्याने शिकलेल्या खुणेने विचारलं, 'मी देऊ?' माझी खूण चुकली असावी, कारण धाकटी क्षणभर हसली. मग तिने नकाराची मान हलवली, बाही झटकली आणि तिसरा घास चमच्यात घेतला.